पोटावरची चरबी आणि लेसरचा प्रकाश

लठ्ठपणावरील उपचार म्हणून ज्या पद्धतीची जाहिरात भरपूर झाली, पण जिच्या मर्यादा त्या मानाने फार थोड्या लोकांपर्यंत पोहोचल्या, ती पद्धत म्हणजे लो लेव्हल लेसर थेरपी, अर्थात मंद लेसर उपचार. शस्त्रक्रियेतील लेसर ऊती कापतो किंवा जाळतो. या उपचारातील लेसरची शक्ती मात्र मिलिवॅटमध्ये मोजण्याइतकी अल्प असल्याने त्वचा तापत नाही, भूल द्यावी लागत नाही आणि रुग्ण उठून थेट आपल्या कामाला जाऊ शकतो. पोटावर आणि कमरेवर काही मिनिटे लाल प्रकाश पाडला की तेथील चरबी घटते, असा दावा केला जातो. हा दावा कितपत खरा आहे आणि तो खरा ठरला तरी लठ्ठपणाच्या आजाराशी त्याचा संबंध किती, हे प्रश्न वेगवेगळे असून त्यांची गल्लत झाल्यानेच रुग्णाची फसगत होते.

या उपचाराचा उगम चरबीच्या अभ्यासात नाही. थिओडोर मेमन यांनी 1960 मध्ये पहिला लेसर तयार केला आणि त्यानंतर काही वर्षांतच बुडापेस्ट येथील शल्यवैद्य एंड्रे मेस्टर यांना, केस काढलेल्या उंदरांच्या त्वचेवर मंद लेसर सोडला असता केस अधिक लवकर उगवतात, असे आढळले. पुढे जखमा भरून येण्यासाठी आणि वेदनाशमनासाठी त्याचा वापर होऊ लागला. चरबीचा विषय 2002 मध्ये आला, जेव्हा कोलंबियातील शल्यचिकित्सक रोद्रिगो नेइरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 635 नॅनोमीटर तरंगलांबीचा, 10 मिलिवॅट शक्तीचा लेसर सहा मिनिटे वापरून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मेदपेशी तपासल्या आणि त्यांच्या आवरणाला तात्पुरते छिद्र पडून आतील चरबी बाहेर झिरपते, असे मांडले. मात्र 2004 मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी हाच प्रयोग पडताळून पाहिला, तेव्हा त्यांना मेदपेशींच्या रचनेत असा बदल दिसला नाही. याचा अर्थ असा, की ज्या क्रियेवर हा सारा उपचार उभा आहे तीच अद्याप वादातीत नाही.

रुग्णांवरील चाचण्यांपैकी 2009 मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी वारंवार पुढे केली जाते. तीत 67 जणांपैकी काहींना दोन आठवड्यांत सहा वेळा खरा लेसर आणि उरलेल्यांना केवळ तसा दिसणारा निष्क्रिय प्रकाश देण्यात आला. पहिल्या गटाचा घेर सरासरी साडेतीन इंचांनी, तर दुसऱ्याचा पाऊण इंचाहूनही कमी घटला. फरक खरा आहे, तो नाकारण्याचे कारण नाही. परंतु साडेतीन इंच ही कंबर, नितंब आणि दोन्ही मांड्या अशा चार मापांची बेरीज आहे आणि तीत एकट्या कमरेचा वाटा सुमारे एक इंचाचाच आहे, ही गोष्ट जाहिरातीत क्वचितच सांगितली जाते. शिवाय श्वास, जेवणाची वेळ आणि फीत धरण्याची जागा यांनीही कमरेचे माप हलते, हे लक्षात घेतले म्हणजे एका इंचाचे मोल कळते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2010 मध्ये अशा एका यंत्राला जी परवानगी दिली, तीही कंबर, नितंब आणि मांड्यांचा घेर कमी करणारे सौंदर्योपचाराचे साधन म्हणून दिली.

पेशीतून चरबी बाहेर पडली, असे मानले तरी ती शरीराबाहेर जात नाही. ती लसिकेतून आणि रक्तातून फिरते आणि स्नायूंनी किंवा इतर ऊतींनी ती ऊर्जेसाठी जाळली नाही, तर पुन्हा साठवली जाते. एक ग्रॅम चरबीत सुमारे नऊ किलोकॅलरी ऊर्जा असते आणि ती खर्ची टाकण्याचे काम प्रकाश करीत नाही.

याहून महत्त्वाचा मुद्दा चरबीच्या जागेचा आहे. पोटाची चरबी दोन थरांत असते: एक त्वचेखाली, चिमटीत धरता येणारी, आणि दुसरी उदरपोकळीत, यकृत आणि आतड्यांभोवती साठलेली, जिचा मधुमेह आणि हृदयविकाराशी अधिक निकटचा संबंध आहे. मंद लेसरचे लक्ष्य वरचा थर आहे. हा थर काढून टाकल्याने काय साधते, याचे उत्तर सॅम्युअल क्लाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 मध्ये दिले: 15 लठ्ठ स्त्रियांच्या पोटाच्या त्वचेखालून शस्त्रक्रियेने प्रत्येकी सुमारे दहा किलो चरबी काढल्यानंतरही, दहा ते बारा आठवड्यांनी पाहता, त्यांच्या रक्तदाबात, रक्तातील साखरेत आणि इन्सुलिनच्या परिणामकारकतेत लक्षणीय सुधारणा झालेली नव्हती. दहा किलो चरबी काढून जे साधले नाही, ते एक इंच घेर घटल्याने साधेल, असे मानण्यास आधार नाही.

भारतीयांसाठी हा भेद विशेष गंभीर आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा देहवस्तुमान निर्देशांक, म्हणजे उंचीच्या प्रमाणातील वजन, सारखाच 22.3 होता, परंतु शरीरातील मेदाचे प्रमाण याज्ञिकांचे 21.2 टक्के आणि युडकिन यांचे 9.1 टक्के निघाले. सडपातळ दिसणाऱ्या भारतीय देहात मेद दडून राहतो, हे त्यांनी स्वतःच्याच मापांवरून 2004 मध्ये दाखवून दिले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत 39.5 टक्के प्रौढांत पोटाचा लठ्ठपणा आढळला. त्यामुळे पुरुषांत 90 आणि स्त्रियांत 80 सेंटिमीटरच्या वर ज्यांची कंबर गेलेली असेल, त्यांनी लेसरच्या सत्रांसाठी पैसे भरण्यापूर्वी रक्तातील साखर, मेद आणि रक्तदाब तपासून घ्यावा, आहार आणि व्यायामाविषयी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, आणि उपचारकेंद्रात जाऊन विचारावे, की सांगितलेले इंच एकट्या कमरेचे आहेत की अनेक मापांची बेरीज.