शुश्रूषा करणाऱ्यांची शुश्रूषा
(वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण, अल ऐन)



आज ज्यांच्याविषयी आम्ही बोलणार आहोत, त्यांतील बरेच जण या सभागृहात नाहीत. त्यांना घर सोडता येत नाही, म्हणून ते आलेले नाहीत. कुणाकडे पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेली सासू आहे, कुणाकडे स्वमग्न मूल आहे, कुणाचा नवरा तवाम रुग्णालयात कर्करोगावर उपचार घेत आहे. 'तिची सासू आजारी असते' एवढे आपण म्हणतो आणि सासूची प्रकृती विचारतो. तिला स्वतःला शेवटची पुरी झोप कधी लागली, हे कुणी विचारीत नाही. एक कवडीही न घेता रुग्णाला सांभाळणाऱ्या या माणसाला आपल्या रोजच्या बोलण्यात नावसुद्धा नाही. पुण्या-ठाण्याच्या स्वमदत गटांत मात्र एक सुरेख शब्द रूढ झाला आहे. रुग्ण तो 'शुभार्थी' आणि त्याला सांभाळणारा तो 'शुभंकर'. आम्ही आज तोच शब्द वापरणार आहोत.

आपल्या वस्तीतील शुभंकर तीन प्रकारचे दिसतात. पहिली म्हणजे घरातील गृहिणी. ती बहुधा नवऱ्याच्या व्हिसावर असते, तिला गाडी चालविता येत नाही, आणि माहेरची माणसे समुद्रापलीकडे. दुसरा, दूर राहून सांभाळणारा. तो नांदेडला किंवा उमरेडला पैसे पाठवितो, दूरध्वनीवर डॉक्टरांशी बोलतो, आणि आईला उठवून बसविण्याचे, अंग पुसण्याचे काम गावी वहिनी करते. पैसे पाठविणाऱ्याला मुलगा म्हणून मान मिळतो. वहिनीला 'घरचेच काम' म्हणून काहीच मिळत नाही. तिसरे शुभंकर म्हणजे मुले. आईला इंग्रजी येत नाही म्हणून बारा वर्षांची मुलगी डॉक्टरांसमोर दुभाषी होते, आईच्या आजाराविषयी जे तिने ऐकू नये तेही ऐकते, आणि घरी येऊन गोळ्या मोजून देते. 'किती गुणी मुलगी!' असे आपण म्हणतो. तिचा गणिताचा अभ्यास का मागे पडला, याचा विचार मात्र शाळेवर सोडतो.

कायदा काय म्हणतो? येथील खाजगी क्षेत्रासाठीचा २०२१ चा कामगार कायदा पाहावा. जोडीदार वारल्यास ५ दिवसांची आणि आईवडील वारल्यास ३ दिवसांची रजा त्यात आहे. बाळ आजारी वा दिव्यांग जन्मले तर मातेला ३० दिवसांची भरपगारी रजा अधिक मिळते व ती आणखी ३० दिवस बिनपगारी वाढविता येते. ही तरतूद चांगलीच आहे. परंतु वृद्ध आईच्या किंवा पत्नीच्या शुश्रूषेसाठी वेगळी रजा नाही. म्हणजे बाप वारला तर तीन दिवस, आणि बाप आजारी असेल तर आपली वार्षिक रजा. ब्रिटनमध्ये १९९५ च्या कायद्याने सांभाळणाऱ्याच्या स्वतःच्या गरजांची पाहणी करणे मान्य झाले आणि २०१४ च्या कायद्यांनी अल्पवयीन मुलांनाही त्यात स्पष्ट स्थान दिले. भारतात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात 'काळजीवाहक' या शब्दाच्या व्याख्येत वेतन न घेणारे आईवडील व कुटुंबीयही येतात. शब्द कायद्यात आला, परंतु गावच्या वहिनीच्या दारापर्यंत अद्याप फारसे काही आलेले नाही. तरी जे आहे ते तिला कळवावे. वृद्धांसाठी १४५६७ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हे क्रमांक भारतात चालतात. आपण येथून पैसे पाठवितो, त्याबरोबर ही माहितीही पाठवावी.

परदेशी राहणाऱ्या मराठी माणसाने या बाबतीत काय करावे याचे उदाहरण डॉ. जगन्नाथ वाणी यांनी घालून दिले आहे. ते कॅनडातील कॅल्गरी विद्यापीठात प्राध्यापक होते. घरातच स्किझोफ्रेनियाचा अनुभव घेतल्यावर त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. तेथे रुग्णांबरोबर त्यांचे आप्तही एकत्र बसतात व आपापले सांगतात. औषध डॉक्टर देतो. 'माझ्यासारखे आणखी कुणी आहे' हे ज्ञान फक्त दुसरा शुभंकरच देऊ शकतो.

आता धम्माकडे वळू. विनयपिटकाच्या महावग्गात अतिसाराने आजारी पडलेल्या एका भिक्खूची कथा आहे. तो आपल्याच मलमूत्रात पडून होता. तो इतरांच्या उपयोगी पडत नाही, म्हणून त्याच्याकडे कुणी पाहत नव्हते. भगवंतांनी आनंदांकडून पाणी मागविले. भगवंतांनी पाणी ओतले, आनंदांनी त्याला धुतले. मग एकाने डोक्याकडून व दुसऱ्याने पायांकडून उचलून त्याला मंचावर निजविले. ही कथा आपण करुणेचे उदाहरण म्हणून सांगतो. आम्हांला तिच्यातील दोन गोष्टी अधिक महत्त्वाच्या वाटतात. भगवंतांनीसुद्धा हे काम एकट्याने केले नाही. आणि नंतर भिक्खूंना त्यांनी जे समजाविले त्याचा आशय असा की, येथे तुमची आई नाही, बाप नाही. तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर कोण करणार? अल ऐनमध्ये राहणाऱ्या आपल्याला हा प्रश्न समजावून सांगण्याची गरज नाही. त्यानंतर नियम झाला. उपाध्यायाने सांभाळावे, तो नसेल तर आचार्याने, मग सोबत्याने, आणि कुणीच नसेल तर संघाने. शुश्रूषा कुणा एकाच्या चांगुलपणावर सोडलेली नाही.

परमपूज्य बाबासाहेबांची दृष्टीही अशीच होती. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकावर बोलताना, बाळंतिणीच्या विश्रांतीत राष्ट्राचे हित आहे म्हणून तिचा भार मुख्यत्वे सरकारने उचलावा, असे त्यांनी मांडले. पुढे स्वतःच्या दुखण्यात त्यांनी शुश्रूषेचे मोल जाणले. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी १९५६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत त्यांनी पत्नी माईसाहेब व डॉ. मालवणकर यांचे ऋण मान्य केले होते. १९५७ च्या पहिल्या आवृत्तीत ती प्रस्तावना आलीच नाही. १९८० साली भगवान दास यांनी ती प्रसिद्ध केली. त्या जुन्या वादात आम्ही शिरत नाही. शुभंकराचे ऋण छापील पानावर यायला इतकी वर्षे लागली, एवढेच नोंदवितो.

मग आपण काय करावे? प्रथम एक सावधगिरी. या देशात २०२१ च्या कायद्यानुसार परवानाधारक संस्थांखेरीज कुणालाही वर्गणी गोळा करता येत नाही. तेव्हा कुणाच्या आजारपणासाठी डबा फिरविण्याचा उत्साह आवरावा. आपल्याजवळ देण्यासारखे जे आहे ते म्हणजे वेळ. अल ऐनच्या खजुरीच्या बागांना फलजचे पाणी वाटून मिळते, तेही वेळेच्या हिश्शाने, आपल्याकडील पाणीपाळीसारखेच. ज्याची पाळी त्याच्या वाफ्यात पाणी. शुश्रूषेचीही अशी पाळी लावता येईल. शुक्रवारी संध्याकाळी दोन तास कुणीतरी सासूबाईंजवळ बसावे, म्हणजे सूनबाईला बाजारात जाता येईल, किंवा नुसते निजता येईल. ज्या भगिनीला उत्तम इंग्रजी वा अरबी येते तिने रुग्णालयात सोबत जावे, म्हणजे मुलीला शाळा बुडवावी लागणार नाही. इंजेक्शन, नळी, जखम यांना मात्र हात लावू नये. ते परवानाधारक परिचारिकेचे काम. आणि 'काही लागले तर सांगा' असे म्हणू नये. दमलेला माणूस सांगत नाही. 'मी शुक्रवारी पाच वाजता येते' असे म्हणावे.

भोजनाच्या मेजाशेजारी एक वही ठेवली आहे. तिच्या डाव्या पानावर आपले नाव व मोकळा वार लिहावा. उजवे पान ज्यांना सोबत हवी त्यांच्यासाठी आहे. जे आज येथे येऊ शकले नाहीत त्यांच्या घरी ही वही घेऊन आम्ही येत्या आठवड्यात जाणार आहोत.