जिभेची नीति आणि हातांतील यंत्र

(महोत्सवाच्या सांगता-समारंभांत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



महोत्सवाच्या मंगल प्रसंगीं धर्मगुरूनें गतकाळाचे गोडवे गावे, अशी आपली अपेक्षा असेल. परंतु आज ज्या वस्तूविषयीं मला बोलावयाचें आहे, ती आपणांपैकीं बहुतेकांच्या खिशांत आहे. कित्येकांच्या तर या क्षणींहि हातांत आहे! पूर्वीं एखाद्या घरची निंदा विहिरीपासून वेशीपर्यंत पोहोंचावयास सायंकाळ होत असे. वाटेंत एखादी शहाणी म्हातारी भेटे, "तूं स्वतः पाहिलेंस काय?" असें विचारी, आणि गोष्ट तेथेंच विरे. आज बोटाच्या एका स्पर्शानें तीच गोष्ट साता समुद्रांपलीकडे जाते, आणि वाटेंत ती म्हातारी कोठेंच उभी नसते.

याचें फळ काय होतें, तें आपल्या महाराष्ट्रानें पाहिलें आहे. १ जुलै २०१८ रोजीं धुळें जिल्ह्यांतील राईनपाडा येथें भिक्षा मागावयास आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजांतील पांच जणांस, मुलें पळविणारे समजून, जमावानें ठार मारलें. अशा टोळ्यांच्या वार्ता त्या दिवसांत व्हॉट्सॲपवरून सर्वत्र फिरत होत्या. त्याच वर्षीं देशभर पसरलेली एक चित्रफीत मूळ कराचींतील होती. मुलांच्या सुरक्षिततेसाठीं ती तयार केलेली होती. पळविलेलें मूल परत आणून सोडतात व सावधगिरीचा फलक दाखवितात, असा तिचा शेवट होता. कोणीतरी नेमका तेवढाच भाग कापून टाकला. म्हणजे डोळ्यांना दिसलें, तेंहि सत्य नव्हतें! पुढें १६ एप्रिल २०२० रोजीं पालघर जिल्ह्यांत गडचिंचले येथें, अशाच अफवांच्या दिवसांत, दोन साधु व त्यांचा वाहनचालक जमावाच्या हातून मरण पावले.

हें पाप इतरांचें, असें म्हणून मी सुटूं शकत नाहीं. २०१८ च्या त्याच पावसाळ्यांत मला एका परिचिताकडून संदेश आला : चादरी विकणाऱ्यांपासून सावध राहा. मीं तो न तपासतां लोकांना धाडला. धर्मगुरूनें पाठविला, म्हणजे खराच असणार, असें वाटणें साहजिक होतें. तिसऱ्या दिवशीं एका चादरीवाल्यास तरुणांनीं घेरलें. त्याचें गाठोडें रस्त्यांत विस्कटलें. इतक्यांत एका वृद्ध भगिनीनें पुढें होऊन त्याचा हात धरला व सांगितलें, "बारा वर्षें मी याच्याकडून चादरी घेत आलें आहें." तो वांचला, परंतु पुन्हां गांवांत फिरकला नाहीं. त्याची क्षमा मागावी, तर त्याचें नांवहि मला ठाऊक नाहीं.

आठवी आज्ञा आपण बाळपणापासून पाठ म्हणतों. नीतिशास्त्र तिच्याखालीं तीन दोष वेगळे दाखवितें. पुराव्यावांचून दुसऱ्यास मनांत दोषी ठरविणें, हा उतावीळ निवाडा. असलेला दोष कारणाशिवाय चव्हाट्यावर मांडणें, ही निंदा. आणि नसलेला दोष माथीं मारणें, हें कुभांड. "मीं फक्त पुढें पाठविलें" ही सबब यांपैकीं कोठेंहि चालत नाहीं. चोरीचा माल पुढें खपविणारा, "चोरी मीं केली नाहीं" म्हणून निर्दोष ठरतो काय?

राईनपाड्यानंतर व्हॉट्सॲपनें भारतांत एक संदेश एका वेळीं पांचांहून अधिक ठिकाणीं धाडतां येऊं नये, अशी मर्यादा घातली. कुंपण चांगलेंच, परंतु विवेकबुद्धीचें काम कुंपण करीत नाहीं. म्हणून माझी विनंती इतकीच : ज्या वार्तेचा मूळ सांगणारा ठाऊक नाहीं, ती आपल्यापाशींच थांबवावी. जी वाचून संताप किंवा भीति उसळते, ती एक रात्र तशीच ठेवावी. कोणाच्याहि मुलाचें वा संकटांतील माणसाचें चित्र संमतीवांचून पसरवूं नये. आणि चूक झालीच, तर जेथें जेथें ती धाडली, तेथें तेथें स्वतःच्या नांवानें दुरुस्ति धाडावी. चोरलेलें धन परत करावें लागतें. हिरावलेलें नांवहि तसेंच परत करावें लागतें. मीं ती दुरुस्ति पाठविली, पण घटना घडून गेल्यावर. आपण तितका उशीर करूं नये.

"तूं स्वतः पाहिलेंस काय?" असें विचारणारी ती म्हातारी आतां वेशीवर भेटणार नाहीं. तिची जागा आपणांपैकीं प्रत्येकानें घ्यावी, व परमेश्वरानें आपणांस त्यासाठीं सुबुद्धि व धैर्य द्यावें, हीच या शुभदिनीं प्रार्थना.