शून्य आकड्याचे संकट



शाळेच्या कपाटात लॉगबुक असते, तसा रोजनामा वायफायचे जाळेही लिहीत असते. मोठ्या शाळेत, कॉलेजात खोल्याखोल्यांतून वायफायचे डबे बसवलेले असतात. त्या सर्वांचा कारभार पाहणारे यंत्र म्हणजे कंट्रोलर. कोणता डबा बंद पडला, कुणाचा पासवर्ड चुकला, ते तो ओळीओळीने लिहितो. या पद्धतीला सिसलॉग म्हणतात. अमेरिकेत एरिक ऑलमन यांनी ती १९८० च्या दशकात काढली; २००९ साली तिचे नवे नियम छापले गेले.

प्रत्येक ओळीला तीव्रतेचा आकडा असतो, ० ते ७. पुष्कळांची फसगत होते ती इथंच. आकडा जितका लहान, तितके संकट मोठे! ० म्हणजे सारी यंत्रणाच निकामी. १ म्हणजे ताबडतोब हालचाल करा. २ बिकट अवस्था, ३ बिघाड, ४ इशारा. ५ म्हणजे नेहमीचीच, पण ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट. ६ नुसती माहिती आणि ७ दुरुस्ती करणाऱ्यासाठी बारीकसारीक तपशील.

कुठवर लिहायचे, हे आपणच ठरवायचे. ४ सांगितले तर ० ते ४ एवढेच लिहिले जाते. ७ सांगून विसरलात, तर ओळींचा असा लोंढा येतो की नव्या ओळी जुन्यांना पुसून टाकतात. २ वर ठेवलेत, तर आधीचे इशारे उरतच नाहीत. रोजच्या कामाला ४ किंवा ५ बरे; दोष शोधताना तेवढ्यापुरते ७.

पण आकडा म्हणजे सर्वस्व नव्हे. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला महापूर आला, तो आठवा. पाऊस वर मध्य प्रदेशात कोसळला आणि पाणी चढले आपल्या गोंदियाच्या काठावर. संकट मोजले जाते एका जागी, सोसावे लागते दुसऱ्या जागी. इथेही तसेच. परीक्षेच्या खोलीतला एकच डबा बंद पडला, तर कंट्रोलर ० लिहिणार नाही. त्याचे बाकीचे डबे चालू आहेत ना! पण त्या खोलीतल्या चाळीस मुलांचा पेपर अडला, तर त्यांच्या दृष्टीने ते शून्यच.

म्हणून शिक्षक मंडळींनी जाळे सांभाळणाऱ्याला चार गोष्टी विचाराव्यात. तीव्रता कितीवर ठेवली आहे? ओळी दुसऱ्या संगणकावर साठतात का? यंत्राचे घड्याळ बरोबर आहे का? आणि शेवटची, सर्वांत महत्त्वाची: त्या ओळी रोज वाचतो कोण? चौथ्याचे उत्तर नसेल, तर पहिल्या तिन्हींचा उपयोग थोडाच. यंत्र इशारा लिहून मोकळे होते. तो वेळेवर वाचायचे काम माणसाचेच.