बेळगावचं लोखंड



बेळगाव म्हटलं की महाराष्ट्रातल्या माणसाला काय आठवतं? १७ जानेवारीचे सीमालढ्यातले हुतात्मे, महाजन आयोग, १ नोव्हेंबरचा काळा दिवस आणि फार तर कुंदा. या गावात लोखंडाचा रस ओततात, कापड विणतात, बॉक्साइटपासून अॅल्युमिना काढतात, असं सांगू लागलं तर समोरचा "असं का?" म्हणतो आणि पुन्हा सीमाप्रश्नावर येतो. आज मला या राबणाऱ्या बेळगावाबद्दल बोलायचंय. सीमा त्यातही येणारच, तिला टाळून बेळगावाबद्दल बोलता येत नाही.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि बेळगावचा किल्ला इंग्रजांकडे गेला. हवा थंड, गोव्याकडे उतरणारे घाट हाकेच्या अंतरावर. फौज ठेवायला जागा उत्तम, म्हणून कँप वसला. पुढे १८८०च्या दशकात मीटर गेजची रेल्वे आली आणि व्यापार वाढला. मुलूख मुंबई इलाख्यातला. पण आज जे एकच शहर दिसतं, त्याच्या पोटातूनच तेव्हा एक सीमा जात होती. बेळगाव इंग्रजांचं आणि त्याला खेटून असलेलं शहापूर सांगलीकर पटवर्धनांचं. चार पावलं चालून गेलं की राज्य बदलायचं! शहापूरची पेठ विणकरांची आणि सराफांची. तिथली लुगडी लांबलांबच्या बाजारात जायची. १९४८ साली सांगली संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, तेव्हा कुठे ही रेघ पुसली गेली. विणकाम मात्र टिकलं. आजही शहापूर, वडगाव, खासबाग भागात गल्लीतून चालताना घराघरांतून यंत्रमागांची खडखड ऐकू येते. ते ऐकून ऐकून तिथल्या माणसांना घरातही मोठ्याने बोलायची सवय लागली असेल, तर नवल नाही.

आता लोखंडाकडे येऊ. लक्ष्मणराव किर्लोस्कर मूळचे याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. मुंबईला चित्रकला शिकायला गेले, पण रंग ओळखण्यात डोळे दगा देतात असं लक्षात आलं. मग यंत्रांच्या आकृत्या काढण्याकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. १८८८ साली त्यांनी भावाच्या साथीने बेळगावात सायकलींचं दुकान काढलं. सायकल विकायची, दुरुस्त करायची आणि चालवायलाही शिकवायची. शिकवणीचे पंधरा रुपये. त्या काळात पंधरा रुपये म्हणजे चेष्टा नव्हे. शिकणारे अर्थातच साहेबलोक आणि वकील-डॉक्टर.

मुंबईत बढतीच्या वेळी डावललं गेल्यावर लक्ष्मणराव नोकरी सोडून बेळगावलाच आले. आधी कडबा कापायचं यंत्र केलं, मग लोखंडी नांगर. शेतकऱ्यांची समजूत अशी, की लोखंड जमिनीत घातलं तर जमीन नासते. पहिले सहा नांगर खपायला दोन वर्षं गेली, असं सांगतात. धंदा जरा मार्गी लागतो आहे तोवर नगरपालिकेने शहराच्या विस्तारासाठी कारखान्याची जागा खाली करायला सांगितलं. हाताशी भांडवल नाही, यंत्रं कुठे न्यायची याचा पत्ता नाही. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी जागा दिली, दहा हजार रुपये कर्जाऊ दिले. १९१० साली कुंडल रोड स्टेशनजवळच्या निवडुंगाने भरलेल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली.

बेळगावने किर्लोस्कर गमावले ते असे. त्यात भाषेचा वाद नव्हता, राज्याचा नव्हता; प्रश्न फक्त जागेचा होता. गंमत पुढे आहे. १९४१ साली याच किर्लोस्करांनी यंत्रं बनवणारी यंत्रं करायचा कारखाना काढला, तो म्हैसूर संस्थानात, हरिहरला. कारखानदार नकाशा बघतो तो पाणी, वीज आणि रेल्वे कुठे आहे, यासाठी. माझं मत विचाराल तर आपल्या पुढाऱ्यांनीही अधूनमधून त्या कारणासाठी नकाशा उघडावा.

१९५६ साली राज्य पुनर्रचना झाली. बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला. त्यातला चंदगड तालुका तेवढा काढून मुंबई राज्यात, कोल्हापूरला जोडला गेला. शहरातला मराठी माणूस पेटून उठला. गोळीबार झाले, माणसं मेली. १९६६ साली या वादावर महाजन आयोग नेमला गेला. पुढच्या वर्षी त्याने बेळगाव शहर म्हैसूरकडेच राहावं असं सांगितलं आणि महाराष्ट्राने तो अहवाल फेटाळला. हा इतिहास आपल्याला पाठ आहे, तेव्हा इथे थांबत नाही.

याच काळात शहरात फौंड्र्या वाढत होत्या. उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या फौंड्रीत सकाळी जाऊन उभं राहा. जमिनीवर काळी वाळू. ती नेमकी किती ओली हवी, हे मुरलेला मोल्डर मुठीत दाबून सांगतो. लोखंडी पेटीत पॅटर्न, म्हणजे हव्या त्या भागाचा नमुना, ठेवायचा, वर वाळू ठोकून भरायची, पेटी उलटायची, दुसरी अर्धी पेटी तशीच भरायची आणि मग पॅटर्न अलगद उचलायचा. हात हलला तर कड ढासळली, पुन्हा पहिल्यापासून. आत पोकळी हवी असेल तिथे कोअर, म्हणजे वाळूचा गाभा, बसवायचा आणि पेटी बंद. दुपारी भट्टीचा रस लाडलमध्ये, म्हणजे ओतायच्या डोयात, घेतात, तेव्हा मात्र गप्पा बंद होतात. धार एकसंध पडली पाहिजे. मध्ये खंड पडला तर कास्टिंग वाया. ओतणं सुरू होईपर्यंत मोल्डर मराठीत शिव्या देत असतो, भट्टीवाला कानडीत उत्तर देत असतो, आणि दोघांनाही दोन्ही कळतं. वॉल्व्ह, पंप, मोटारींचे सुटे भाग इथूनच निघतात. पुढे हायड्रॉलिक पंप आणि वॉल्व्ह बनवणारे कारखानेही इथेच नावारूपाला आले. यातलं बरंच काम जातं कुठे? कोल्हापूरला, पुण्याला. म्हणजे महाराष्ट्रात.

बॉक्साइटचंही तसंच. इंडियन अॅल्युमिनियम कंपनीचा, लोकांच्या तोंडी 'इंडाल'चा, कारखाना बेळगावात उभा राहिला. त्याला बॉक्साइट पुरवलं चंदगड-राधानगरीकडच्या डोंगरांनी. म्हणजे खनिज महाराष्ट्रात आणि कारखाना कर्नाटकात. पुढे धातू काढायच्या भट्ट्या बंद पडल्या. त्या धंद्याला वीज बेसुमार लागते. अॅल्युमिना मात्र निघत राहिला. आता कारखाना हिंडाल्कोचा आहे, पण रिक्षावाल्याला 'इंडाल' म्हटलं तरी तो बरोबर नेऊन सोडतो. आणि जिल्हा बदलला म्हणून चंदगडच्या माणसाचा रस्ता काही बदलला नाही. बाजाराला, दवाखान्याला, कामाला तो येतो बेळगावलाच.

सीमाप्रश्नावरचा महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. कर्नाटकाने इकडे विधिमंडळासाठी सुवर्ण विधानसौध बांधलं, २०१२ साली त्याचं उद्घाटन झालं. २०१४ साली शहराचं सरकारी नाव बेळगावी झालं. उद्यमबागेतल्या मालकांशी बोललं तर यातलं फारसं काही निघत नाही. निघते ती तक्रार विजेची, पिग आयर्नच्या भावाची आणि मोल्डिंगला पोरं न मिळण्याची. पूर्वी आणखी एक असायची, राज्याच्या सीमेवरच्या कोगनोळीच्या नाक्याची. कास्टिंग भरलेला ट्रक तिथे विक्रीकराच्या कागदांसाठी रांगेत उभा राहायचा. २०१७च्या जुलैत जीएसटी आला आणि ते तपासणी नाके उठले. आता माल सरळ निघून जातो. आंदोलन पेटलं की कोगनोळीला अडकतात त्या प्रवाशांनी भरलेल्या एस.टी. गाड्या.