सायकल उद्योग : बदलती मागणी आणि भांडवलाची ओढाताण



सुरत शहराच्या आग्नेयेस, लोहमार्गापलीकडे पसरलेल्या लिंबायत भागात धुळे, नंदुरबार आणि जळगाव या जिल्ह्यांतून आलेली असंख्य मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या वस्ती करून आहेत. ताप्तीच्या काठाकाठाने येणाऱ्या सुरत-भुसावळ लोहमार्गाने त्यांना येथे आणले आणि यंत्रमागांनी त्यांना येथे ठेवून घेतले. येथील गल्ल्यांतून अहिराणी, मराठी आणि गुजराती या तिन्ही बोली सारख्याच सहजतेने कानी पडतात. यंत्रमागाच्या शेडमध्ये बारा-बारा तासांच्या पाळ्या चालतात. पाळी बदलते त्या वेळी रस्त्यावर जो लोंढा लोटतो, त्यात एके काळी सायकलींचीच संख्या मोठी असे. जमीन सपाट, अंतर दोन-चार कोसांच्या आत, इंधनाचा खर्च शून्य आणि परवान्याची गरज नाही. कामगाराच्या मिळकतीशी इतका मेळ घालणारे दुसरे वाहन आजवर निर्माण झालेले नाही.

असे असूनही सायकलीचा व्यवसाय गेल्या काही दशकांत वारंवार आर्थिक अडचणीत सापडला आहे. मोठे कारखाने बंद पडले, जुनी नावे विस्मृतीत गेली आणि कोपऱ्यावरच्या दुकानदाराला दुकान चालवावे की मिटवावे, हा प्रश्न पडू लागला. वस्तू उपयुक्त आहे, गरजही संपलेली नाही. मग तिच्या उत्पादकाची आणि विक्रेत्याची ओढाताण का व्हावी, याचा विचार करणे अगत्याचे आहे.

उद्योगाची उभारणी

स्वातंत्र्यापूर्वी भारतात वापरल्या जाणाऱ्या बहुतेक सायकली इंग्लंडमधून येत. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात हे चित्र पालटले. १९४९ मध्ये मद्रासजवळ टी. आय. सायकल्सचा कारखाना निघाला. १९५१ मध्ये हरियाणातील सोनीपत येथे अ‍ॅटलासची स्थापना झाली. आसनसोल येथे ब्रिटनच्या रॅले कंपनीच्या सहकार्याने सेन-रॅले उभी राहिली. मुंबईत वरळी येथे हिंद सायकल्सचा कारखाना होता. लुधियानात मुंजाल बंधूंनी सुट्या भागांच्या व्यापारापासून सुरुवात करून १९५६ मध्ये हीरो सायकल्सचे उत्पादन सुरू केले. जगातील सर्वांत मोठी सायकल उत्पादक कंपनी म्हणून तिची १९८६ मध्ये गिनेस ग्रंथात नोंद झाली. चीनच्या खालोखाल सायकल-उत्पादनात भारताचा क्रम लागतो, हे या उभारणीचे फलित होय.

तथापि या यशाबरोबरच अपयशाचा इतिहासही चालत आला. हिंद सायकल्स व सेन-रॅले या दोन्ही कंपन्या आजारी पडल्यामुळे संसदेने १९८० मध्ये कायदा करून त्यांचे राष्ट्रीयीकरण केले. कामगारांचा रोजगार टिकावा, हा त्यामागील हेतू होता. त्यासाठी शासकीय निगम स्थापन झाले. परंतु तोट्याच्या गर्तेतून ते वर येऊ शकले नाहीत आणि अखेर बंद करावे लागले. ज्या रॅलेचे नाव आसनसोलच्या कारखान्याने घेतले होते, त्या मूळ कंपनीचीही हीच कथा झाली. नॉटिंगहॅम येथील तिची सायकल-जुळणी २००२ मध्ये थांबली. मालकी बदलली तरी वस्तूचा उत्पादनखर्च आणि ग्राहकाची आवड यांचा मेळ बसला नाही, तर कारखाना तरत नाही, हा धडा या दोन्ही उदाहरणांतून मिळतो.

अगदी अलीकडचे उदाहरण अ‍ॅटलासचे आहे. तिचा मालनपूर येथील कारखाना २०१४ मध्ये व सोनीपतचा २०१८ मध्ये बंद झाला. ३ जून २०२० रोजी साहिबाबाद येथील कामगार फाटकाशी आले, तेव्हा कच्चा माल घेण्यासाठीही पैसा उरलेला नाही, अशा आशयाची ले-ऑफची सूचना त्यांना तेथे लावलेली दिसली. संयुक्त राष्ट्रांनी २०१८ मध्ये जागतिक सायकल दिन म्हणून घोषित केलेली तारीख नेमकी तीच होती.

पैसा कोठे अडकतो?

साध्या काळ्या सायकलीचा ग्राहक अल्प उत्पन्नाचा असतो. पोलादाचा वा रबराचा भाव वाढला, तरी त्या प्रमाणात किंमत वाढवता येत नाही; कारण थोड्या वाढीनेही ग्राहक जुनीच सायकल दुरुस्त करून वापरणे पसंत करतो. त्यामुळे नफ्याचे प्रमाण अत्यल्प राहते आणि सारा भरवसा विक्रीच्या संख्येवर ठेवावा लागतो. त्यातच ही विक्री वर्षभर सारखी होत नाही. शाळा उघडण्याच्या सुमारास मागणी एकदम वाढते आणि पावसाळ्याच्या भरात ती मंदावते. कारखान्याला मात्र पोलादाची खरेदी काही महिने आधीच करावी लागते. विक्रेत्याला माल उधारीवर द्यावा लागतो. अशा रीतीने खेळते भांडवल एका टोकाला पोलादात आणि दुसऱ्या टोकाला उधारीत अडकून पडते. एखादा हंगाम वाया गेला, तर व्याजाचा बोजा पुढच्या हंगामाचा नफा गिळून टाकतो.

मागणीचे पालटते रूप

जनगणनेचे आकडे या बाबतीत बोलके आहेत. २००१ मध्ये देशातील ४३.७ टक्के कुटुंबांकडे सायकल होती. २०११ मध्ये हे प्रमाण ४४.८ टक्के झाले. वरवर पाहता ही स्थिरता वाटते. परंतु याच दशकात ग्रामीण भागातील प्रमाण ४२.८ वरून ४६.२ टक्क्यांवर चढले आणि शहरी भागातील प्रमाण ४६.० वरून ४१.९ टक्क्यांवर उतरले. त्याच काळात शहरांतील स्वयंचलित दुचाकीधारक कुटुंबांचे प्रमाण २४.७ वरून ३५.२ टक्के झाले. म्हणजे खेड्यात सायकल घरात येत होती, तेव्हा शहरात ती घराबाहेर पडत होती.

या स्थित्यंतराला केवळ हौस कारणीभूत नाही. १९८५ मध्ये कमी इंधनात धावणारी हीरो-होंडा मोटारसायकल बाजारात आली. सायकली बनवणाऱ्या मुंजाल घराण्यानेच जपानच्या होंडाशी हातमिळवणी करून ती आणली, हे लक्षणीय आहे. पुढे मोटारसायकलीसाठी हप्त्याने कर्ज सुलभ झाले. किमतीने कितीतरी पट महाग असलेले वाहन कामगाराला हप्त्यांवर मिळू लागले आणि स्वस्त सायकल मात्र बहुधा रोख मोजूनच घ्यावी लागली. महिन्याच्या पगारातून एकरकमी काही हजार रुपये काढणे ज्याला जड जाते, त्याला हप्ता हलका वाटतो. पेट्रोलचा खर्च त्याला नंतर कळतो.

सायकलीच्या बाजारातही आतल्या आत मोठा बदल झाला. पूर्वी बावीस व चोवीस इंची काळ्या सायकली दुकानात असल्या की बहुतेक गिऱ्हाइकांची सोय होई. एका कंपनीचा फ्रीव्हील दुसरीला चालत असे, सुटे भाग आले की दुकानदार स्वतः जोडणी करीत असे आणि त्या जोडणीची मजुरी त्याच्या पदरी पडत असे. आता लहान मुलांच्या रंगीत सायकली, गिअरच्या सायकली, जाड टायरच्या सायकली, मुलींसाठी निराळ्या घडणीच्या सायकली असे अनेक प्रकार ठेवावे लागतात. फॅशन बदलली की उरलेला माल पडून राहतो. लहान दुकानदाराची पुंजी अशा पडून राहिलेल्या मालातच गोठते.

शासकीय खरेदी : आधार आणि मर्यादा

साध्या सायकलीला टिकवून धरण्याचे श्रेय बऱ्याच अंशी शासकीय योजनांकडे जाते. बिहार राज्याने २००६ मध्ये शाळकरी मुलींसाठी सायकल योजना सुरू केली. कार्तिक मुरलीधरन व निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला असता माध्यमिक शाळेतील मुलींची पटनोंदणी ३२ टक्क्यांनी वाढल्याचे आणि मुलगे व मुली यांच्या नोंदणीतील तफावत ४० टक्क्यांनी घटल्याचे त्यांना आढळले. गुजरातमध्ये सरस्वती साधना योजनेखाली पात्र विद्यार्थिनींना सायकली देण्यात येतात.

समाजाच्या दृष्टीने हा लाभ निर्विवाद आहे. उद्योगाच्या दृष्टीने मात्र त्याला दोन बाजू आहेत. एकगठ्ठा निविदेने होणाऱ्या खरेदीचे काम मोठ्या कारखान्यांकडे जाते आणि गल्लीतील दुकानदाराच्या वाट्याला केवळ पंक्चर काढणे उरते. निविदा लांबली वा देयक अडकले, तर कारखान्याचाही हात आखडतो.

या संदर्भात महाराष्ट्राच्या मानव विकास कार्यक्रमाची पद्धत विचारार्ह आहे. या कार्यक्रमातील तालुक्यांत, आणि त्यांत खानदेशातील तालुकेही आहेत, आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी अनुदान मिळते. २०२२ मध्ये ते ३,५०० रुपयांवरून ५,००० रुपये करण्यात आले. ही रक्कम दोन टप्प्यांत थेट बँक खात्यात जमा होते. दुसरा टप्पा खरेदीची पावती सादर केल्यावर मिळतो. सायकल मुलीने आपल्या पसंतीने घ्यावयाची असल्यामुळे तो पैसा तिच्या जवळच्या बाजारपेठेतील दुकानात जाऊ शकतो. मुलीची सोय आणि दुकानदाराचा व्यवहार हे दोन्ही हेतू एकाच रकमेतून साधतात.

भरती आणि ओहोटी

२०२० च्या महासाथीत बस व रिक्षा बंद झाल्या आणि सायकलीची अनपेक्षित चणचण भासू लागली. त्या वर्षीच्या मे ते सप्टेंबर या पाच महिन्यांत देशात ४१ लाखांहून अधिक सायकली विकल्या गेल्याची नोंद उत्पादकांच्या संघटनेने केली. ही मागणी कायमची आहे, असे समजून जगभर कारखान्यांनी व व्यापाऱ्यांनी माल भरला. निर्बंध उठताच लाट ओसरली आणि गोदामे तुंबली. ब्रिटनमधील विगल ही मोठी सायकल-विक्री कंपनी २०२३ मध्ये प्रशासकांच्या स्वाधीन झाली. तत्पूर्वी पुण्यात २०१७ च्या अखेरीस भाड्याच्या सार्वजनिक सायकलींचा प्रयोग मोठ्या उत्साहात सुरू झाला होता. देखभाल, मोडतोड आणि उत्पन्न यांचा ताळमेळ न बसल्याने तोही काही वर्षांतच थंडावला. तात्पुरत्या उत्साहावर भांडवल गुंतवण्याचा धोका या घटनांनी दाखवून दिला.

कारागिराचे स्थान

या साऱ्या उलाढालीत सर्वांत दुर्लक्षित राहतो तो दुरुस्ती करणारा कारागीर. चाकाचा आऊट काढणे, हबमधील छर्रे बदलणे, चेन बसवणे, ब्रेक जुळवणे ही कामे सरावाने येतात; त्यांचे शिक्षण बहुधा दुकानाच्या ओट्यावरच होते. कारागीर नाहीसा झाला, तर किरकोळ बिघाडासाठीही सायकल अडगळीत जाते आणि नव्या सायकलीची मागणीही त्याबरोबर मावळते. २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत अठरा पारंपरिक व्यवसायांचा समावेश आहे. सायकल-दुरुस्ती त्यांत नाही. मात्र लहान व्यावसायिकाला मुद्रा योजनेतून कर्जासाठी अर्ज करता येतो. तसेच किरकोळ व घाऊक व्यापाऱ्यांना जुलै २०२१ पासून उद्यम नोंदणी करून अग्रक्रम क्षेत्रातील कर्जाचा लाभ घेता येतो. या सोयींची माहिती ओट्यावर बसणाऱ्या कारागिरापर्यंत पोहोचणे, हे प्रसिद्धीच्या कार्यातील एक महत्त्वाचे अंग मानले पाहिजे.

पुढील वाट

काही अनुकूल बदल अलीकडे घडले आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकली व त्यांचे सुटे भाग यांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणला गेला. मूळ किंमत ५,००० रुपये असलेल्या सायकलीवर पूर्वी ६०० रुपये कर पडे. आता तो २५० रुपये पडतो. ३५० रुपयांचा हा फरक यंत्रमाग कामगाराच्या हिशेबात लहान नाही. विद्युत सायकलीचाही मार्ग मोकळा आहे. २५० वॅटपर्यंतच्या आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत धावणाऱ्या, नियमांत बसणाऱ्या सायकलीला परवाना वा नोंदणी लागत नाही. जुन्या कारागिराला मोटार, बॅटरी व वायरिंग यांचे अल्पमुदतीचे प्रशिक्षण मिळाले, तर नवी मागणी त्याच्याच दुकानात येऊ शकेल.

मात्र वाहन स्वस्त झाले तरी रस्ता निर्धास्त नसेल, तर ते कोणी वापरणार नाही. लिंबायतच्या रेल्वे गरनाळ्यात पावसाळ्यात पाणी साचते, तेव्हा सायकलस्वाराची किती कुचंबणा होते, हे येथील रहिवाशांना सांगावयास नको. एका कडेला सलग मोकळी पट्टी, रात्री पुरेसा उजेड, बीआरटीएसच्या थांब्यापाशी सायकल कुलूप लावून ठेवण्याची सोय आणि शेडच्या आवारात छप्पर असलेला सायकलतळ, या गोष्टी फार खर्चाच्या नाहीत. सायकल विकत घेण्यासाठी पतपेढ्यांनी लहान हप्त्यांची कर्जे दिली, तर मोटारसायकलीला मिळालेली सवलत सायकलीलाही मिळेल आणि दुकानदाराची उधारी कमी होईल.

सायकल उद्योगाचे भवितव्य लुधियाना व चेन्नई येथील कारखान्यांत जितके ठरते, तितकेच ते लिंबायतसारख्या वस्तीतील रस्त्यांवर व दुकानांच्या ओट्यांवर ठरते. रात्रपाळी संपवून निघालेल्या कामगाराला घरी जाण्यासाठी दिवसाच्या मजुरीचा किती अंश मोजावा लागतो, हा या उद्योगाचा खरा ताळेबंद होय. तो अंश शून्याजवळ ठेवणारे साधन आजही उपलब्ध आहे. ते बनवणारा, विकणारा आणि दुरुस्त करणारा असे तिघेही जगतील, एवढी आर्थिक व्यवस्था उभी करणे शासन, बँका, नगरपालिका आणि नागरिक यांच्या एकत्रित प्रयत्नांनी निश्चित शक्य आहे.