लोण्याची कॉफी आणि आपला नाश्ता
(ज्येष्ठ सभासदांच्या मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या महिन्यात आपल्या कट्ट्यावरच्या एका सभासदांना सकाळी बागेत फिरताना दरदरून घाम फुटला, हातपाय थरथरू लागले. कोणाच्या तरी खिशात गोळ्या-चॉकलेटं होती म्हणून निभावलं. चौकशी केली तेव्हा कळलं, की त्यांनी साखरेची गोळी नेहमीप्रमाणे घेतली होती, पण नाश्त्याऐवजी मुलाने शिकवलेली 'लोण्याची कॉफी' फक्त प्यायली होती. तेव्हा सचिवसाहेब मला म्हणाले, "तुम्ही हा प्रकार घरी करता, तर एकदा सगळ्यांना नीट समजावून सांगा." मी डॉक्टर नाही. आयुष्यभर बँकेत जमा-खर्च तपासला, तसाच या कॉफीचा तपासतो.

प्रथम ही आली कुठून ते पाहू. तिबेट-लडाखकडे चहात मीठ आणि लोणी घालून लाकडी नळकांड्यात घुसळतात. लडाखमध्ये त्याला गुरगुर चहा म्हणतात. चार हजार मीटरच्या आसपास राहायचं, हाडं गोठवणारी थंडी, दिवसभर चढउतार; तिथे ते लोणी सहज खर्ची पडतं. डेव्ह ॲस्प्रे नावाचे एक अमेरिकन गृहस्थ 2004 साली तिबेटात गेले, तो चहा प्याले आणि परत जाऊन त्यांनी चहाच्या जागी कॉफी घातली. 2009 मध्ये कृती जाहीर केली, नाव दिलं 'बुलेटप्रूफ'. पुढे त्याचा मोठा व्यवसाय झाला. पिष्टमय पदार्थ जवळजवळ बंद करून स्निग्धावर राहण्याचा 'कीटो' आहार मात्र त्याच्या कितीतरी आधीचा. 1921 साली तो अपस्माराच्या रुग्णांसाठी सुचवला गेला होता, वजन उतरवण्यासाठी नव्हे.

आता कृती. आपल्याकडे कॉफी म्हणजे दुधाची, भरपूर साखरेची, वर जायफळ किसलेली. इथे दूध नाही, साखर नाही. एक कप कडक काळी कॉफी घ्या. फिल्टरची असेल तर चिकोरी नसलेली बरी. त्यात एक छोटा चमचा लोणी किंवा साजूक तूप आणि एक छोटा चमचा खोबरेल तेल. (खाण्याचं तेल, बरं का! न्हाणीघरातली निळी बाटली उचलू नका.) घरचं लोणी असेल तर तीन-चार पाण्यांनी धुवून घ्या, नाहीतर ताकाचा आंबटपणा कॉफीत उतरतो. बाजारातलं पिवळं बटर बहुधा खारट असतं, ते चालत नाही. तिबेटी माणसाला चालेल म्हणा.

नुसतं चमच्याने ढवळलंत तर तुपाचा तवंग वर तरंगतो आणि पहिल्या घोटालाच माणूस कप खाली ठेवतो. घुसळणं हाच या कॉफीचा प्राण. घुसळल्यावर स्निग्धाचे बारीक कण होतात आणि दुधाच्या कॉफीसारखा रंग व फेस येतो. लोण्यात दुधाचा अंश असतो, तो हे मिश्रण धरून ठेवतो. तुपात तो नसतो, म्हणून तुपाची कॉफी लवकर फुटते, ती लगेच प्यावी. मिक्सर वापरणाऱ्यांनी एक मिनिट थांबावं, भांडं अर्ध्याच्या खाली भरावं आणि झाकणावर फडकं दाबून धरावं. उकळती कॉफी बंद भांड्यात फिरवली तर वाफेने झाकण उडतं. मला विचाराल तर आपली जुनी रवी उत्तम. वरून चिमूटभर जायफळ मी घालतोच, अमेरिकेत काय करतात ते करोत.

आता हिशेब मांडू. अमेरिकी पद्धतीने दोन मोठे चमचे लोणी आणि एक मोठा चमचा खोबरेल घातलं तर सव्वातीनशेच्या आसपास कॅलरी होतात. पोह्यांच्या भरल्या बशीपेक्षा कमी नाहीत. त्यात संपृक्त स्निग्ध सुमारे 26 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना सांगते, दिवसाच्या ऊर्जेच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त संपृक्त स्निग्ध नको. 1800 कॅलरी खाणाऱ्याला ही मर्यादा 20 ग्रॅम. म्हणजे सकाळी आठ वाजताच खातं ओव्हरड्राफ्टमध्ये! मी सांगितलेल्या छोट्या चमच्यांत हा आकडा सातच्या आसपास राहतो. प्रथिनं मात्र दोन्हीकडे जवळजवळ शून्य, चोथा शून्य. आपल्या वयात स्नायू झिजतात, त्यांना प्रथिनं लागतात. म्हणून सोबत दोन अंडी किंवा पनीरचा तुकडा हवा. आणि कॉफी पिऊन वर पोहेही खाल्ले, तर हे दुहेरी नावे टाकणं झालं. वजन वाढलं तर कॉफीला दोष देऊ नका.

सर्वांत महत्त्वाचं आता सांगतो. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्या तुम्ही जेवलात की नाही हे पाहत नाहीत. त्या साखर खाली ओढतातच. त्यावर नुसती ही कॉफी घेतली तर बागेतला प्रसंग पुन्हा घडेल. ज्या गोळ्यांच्या नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' आहे, त्या घेणाऱ्यांनी पिष्टमय पदार्थ एकदम बंद केले तर रक्तात आम्ल साचण्याचा धोका असतो, आणि साखरेचा आकडा फारसा न वाढताही ते घडू शकतं. तेव्हा आधी गोळ्यांची पट्टी डॉक्टरांना दाखवा, मग रवी हातात घ्या. पित्ताशयात खडे असणाऱ्यांनी या वाटेला जाऊच नये. थायरॉइडची गोळी आणि कोणतीही कॉफी यांत अर्धा-एक तास जाऊ द्या. कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर दोन-तीन महिन्यांनी रक्त तपासून घ्या. काहींचं एलडीएल चांगलंच चढतं.

मी स्वतः आठवड्यातून दोनदाच घेतो. रोज का नाही? आमच्या सौ. म्हणाल्या, "पंचेचाळीस वर्षं सकाळी समोरासमोर बसून खातोय. तुम्ही तो कप घेऊन गॅलरीत जाता, मी एकटीने थालीपीठ खायचं का?" या आक्षेपाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. उरलेले पाच दिवस मुगाचं धिरडं, थालीपीठ, कधी उपमा, आणि दुधाचा चहा.

जाता जाता कार्यकारिणीच्या वतीने एक विनंती. खोबरेल साधारण 24 अंशांखाली गोठतं. डिसेंबर-जानेवारीत तेलकट भांडं थेट सिंकमध्ये धुतलं की ते पाइपात जाऊन बसतं. आधी कागदाने पुसा, मग गरम पाण्याने धुवा. खालच्या मजल्यावरच्यांचा विचार करा, प्लंबर रविवारी येत नाही.