दर शून्य, खोकं शेडमध्ये

घरचा कूलर सोडून आलेल्या मंडळींनो,

'विमानांच्या सुट्या भागांवरील सीमाशुल्क सवलत' असा विषय पत्रिकेत छापलेला वाचूनही तुम्ही आलात! (हशा) मी कस्टम्सचा क्लिअरिंग एजंट. बिल ऑफ एंट्री भरता भरता केस पांढरे झाले. त्यातून माझं जे मत बनलं ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांना मागच्या दाराने निघता येईल. शुल्क माफ झाल्याने विमान उडत नाही. खोकं कस्टम्सच्या शेडमधून सुटलं की उडतं.

विमानतळालगतच्या मिहान प्रकल्पाबद्दल नागपूरकरांना मी काय सांगावं? एअर इंडियाने ६८ बोइंग विमानं घेतली, त्या व्यवहारातून बोइंगने इथे दुरुस्तीतळ बांधून दिला, २०१५ मध्ये तो सुरू झाला, वगैरे तुम्हाला पाठ आहे. पुढे जाऊ.

विमानाचे भाग सीमाशुल्क टॅरिफच्या, म्हणजे दरपत्रकाच्या, ८८व्या प्रकरणात येतात. पण सतराव्या विभागाची दुसरी टीप बजावते की वॉशर, नट-बोल्ट, विजेची उपकरणं यांना 'भाग' म्हणायचं नाही. मग ती विमानाखेरीज कुठेही न बसोत. त्यामुळे बोल्ट ७३व्या प्रकरणात, रबरी सील ४०व्यात; सीट तर वेगळ्याच ९४व्यात. एकाच विमानाच्या सामानावर आयातीचा जीएसटी, म्हणजे आयजीएसटी, ५ टक्क्यांपासून २८ टक्क्यांपर्यंत! १५ जुलै २०२४ पासून प्रकरण कुठलंही असो, सरसकट ५ टक्के झाला. उत्तम झालं. फक्त शेवटी 'विहित अटींच्या अधीन राहून' अशी शेपटी आहे. माझं घर त्या शेपटीवर चाललं. (हशा)

आता खरा मुद्दा. दुरुस्तीसाठी आणलेल्या भागांना मूळ सीमाशुल्काची माफी जुनीच. पण पूर्वी अट अशी, की तीन महिन्यांत भाग वापरा, नाहीतर माफी गेली. अहो, सुटा भाग रॅकवर ठेवतात तो बिघाडाची वाट पाहत. त्याने का तारीख दिलेली असते? २०१३च्या अर्थसंकल्पात मुदत वर्षाची केली आणि २०१६मध्ये ती काढूनच टाकली. दरात दमडीचाही फरक न करता दिलेली ही सवलत मला सगळ्यांत मोठी वाटते.

आमच्या धंद्यात 'एओजी' म्हणजे विमान जमिनीला खिळलंय. तशी चिठ्ठी डकवलेलं एक खोकं एकदा शुक्रवारी संध्याकाळी आलं. आत तळहाताएवढी रबरी सील आणि तिचं प्रमाणपत्र. प्रमाणपत्रावरच्या पार्ट नंबरात एक आडवी रेघ होती, इन्व्हॉइसवर नव्हती. पुढे जोडून सुट्ट्या. सीलपेक्षा शेडचं भाडं जास्त झालं. कुठल्या शहरात ते विचारू नका, मला अजून तिथे जावं लागतं.

मागून कोणीतरी विचारतंय, "यातून सोयाबीनवाल्या शेतकऱ्याला काय?" विचारा बाप्पा, पण मी विमान कंपन्यांचा वकील नाही. इकॉनॉमीच्या तिकिटावर ५ टक्के जीएसटी आहे, त्यातून सुट्या भागांवर भरलेला कर वजा करून मिळत नाही. तो शेवटी तिकिटातच शिरतो. तुमचा पोरगा पुण्याहून दिवाळीला येतो, त्याच्या तिकिटात.

आणि घाई म्हणजे काय हे नागपूरने देशाला शिकवलंय! १९४९ साली रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास अशा चार दिशांनी विमानं निघायची आणि मध्यरात्री आपल्या सोनेगाव विमानतळावर जमायची. पोती उतरवायची, अदलाबदल करायची, नि उजाडायच्या आत पत्रं ज्याच्या त्याच्या गावी. त्याच वर्षी देशातल्या पत्रांवरचा विमानाचा जादा आकारही रद्द झाला. आता सांगा, आकार माफ केला असता आणि पोती सोनेगावला आठवडाभर पडून राहिली असती, तर त्या माफीचं काय लोणचं घालायचं होतं? ही सेवा १९७३पर्यंत चालली. ती डाकोटा विमानं, तो मध्यरात्रीचा धावपट्टीवरचा गलबला...

चिठ्ठी आली. 'पाच मिनिटं.' मघाशीही हीच आली होती वाटतं. (हशा) बरंच राहिलं. राहू द्या.

समोर उद्योग संघटनांची मंडळी दिसताहेत, म्हणून एकच मागणं. पुढच्या अर्थसंकल्पाआधी दिल्लीला दर कमी करण्याचं निवेदन नेऊ नका. 'एओजी'चं खोकं नागपुरात उतरल्यापासून किती तासांत सुटलं, हा आकडा दर महिन्याला जाहीर करा, एवढं लिहून घेऊन या.